न वाचलेल्या नावाची घंटा

आक्काचं पत्र जूनमध्ये, पेंटेकॉस्टच्या सणाच्या आठवड्यात आलं. नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या रविवारपर्यंत मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मधे वीस रविवार गेले, आणि प्रत्येक रविवारी मी चर्चला जाताना ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवत होतो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित जवळ ठेवलं की विसरलो असं होत नाही, असं वाटत असावं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण यमुना. नगरला चाळीस वर्षं नर्स होती, लग्न केलं नाही, आमच्या घरातला प्रत्येक निर्णय तिनं घेतला. माझं कॉलेज, माझी ग्रंथपालाची नोकरी, माझं लग्नसुद्धा. पत्र एका पानाचं होतं.

‘प्रिय भाऊ श्रीनाथ यास, येशूच्या नावात सलाम. पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. माझं वय एक्याऐंशी, तेव्हा करा म्हणणारे अर्धे आणि नको म्हणणारे अर्धे. सुधाच्या कागदावर मी सही केली होती. माझ्या वेळी तू सांग. करू की नको, एवढंच लिही. फोन करू नकोस, फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस. पुस्तकांतही शोधत बसू नकोस, त्यांत नाहीये. तुझं उत्तर येईपर्यंत मी डॉक्टरांना काही सांगणार नाही.’

सुधा माझी बायको. सतरा वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला होता. मी पेन हातात घेऊन बाकावर बसून राहिलो. मग तोंड धुऊन येतो म्हणालो. परत आलो तेव्हा आक्कानं सही करून कागद आत पाठवला होता. सुधा त्या खोलीतून जिवंत बाहेर आली नाही. मी आक्काला कधी दोष दिला नाही. पण तुझा दोष नाही, असंही कधी म्हणालो नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं हवापाणी आणि नातेवाईक यांवर बोलत आलो.

पत्र आल्यावर मी काय केलं? तिनं जे करू नको म्हटलं होतं तेच. इथे म्युनिकच्या वाचनालयात जाऊन वैद्यकाची पुस्तकं काढली. डिक्शनरी घेऊन जर्मन वाचलं. या वयात भूल किती धोक्याची, गाठ किती वेगानं वाढते, सगळं वहीत उतरवलं. उत्तराचे सात खर्डे केले, काहींत ‘कर’ होतं, काहींत ‘नको’. प्रत्येक खर्डा वाचताना वाटायचं, हा बरोबर आहे. घडी घालताना वाटायचं, हा तिला मारणार.

मग मी मला जमणारी एकच गोष्ट केली. तिचं नाव यादीत घातलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. म्युनिकमध्ये आमची एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतली मंडळी आहे. उपासना इंग्रजीत चालते. स्वतःची इमारत नाही, एका जर्मन मंडळीच्या चर्चमध्ये त्यांची सकाळची उपासना झाली की आमची सुरू होते. अमेरिकन, नायजेरियन, जर्मन, थोडे आम्ही. सहा वर्षांपूर्वी मी मुलाकडे राहायला आलो तेव्हा पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसलो होतो आणि प्रभुभोजनाची प्रार्थना कानावर पडताच ओळखली. लहानपणी नगरला ती मराठीत पाठ केली होती. मी रडलो असं कुणाला दिसलं नसावं.

मी ग्रंथपाल होतो हे कळल्यावर आमच्या पाळक, रेव्हरंड ज्युडिथ, यांनी मला याद्यांचं काम दिलं. याद्या तीन. पहिली आजाऱ्यांची. दुसरी आभाराची, म्हणजे बरे झालेल्यांची. तिसरी प्रभूमध्ये निजलेल्यांची, म्हणजे मृतांची. ही तिसरी वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात सर्व संतांच्या रविवारी वाचली जाते. आजाऱ्यांच्या यादीला नियम असा की नाव चार रविवार राहतं. पुढे ठेवायचं असेल तर ज्यानं दिलं त्यानं येऊन सांगायचं. नाही सांगितलं तर नाव गळतं.

आक्काच्या बाबतीत मीच मला सांगायचं होतं. मी तीनदा सांगितलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, दर रविवारी कुणीतरी वेगळ्या उच्चारात ‘यमुना’ म्हणायचं आणि शंभरेक माणसं माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करायची. मला वाटायचं, उत्तर नसलं तरी काहीतरी पोचत असेल. तिचा मोबाइल मी जुलैत दोनदा लावला, दोन्ही वेळा बुधवारी संध्याकाळी. बुधवारी संध्याकाळी ती स्त्रियांच्या प्रार्थनासभेला जाते आणि फोन घरी ठेवते, हे मला माहीत होतं. सप्टेंबरात पुन्हा लावला, तर तो बंद होता. नंतर तो बंदच राहिला.

बंद फोनवरची ती बाई दोन भाषांत तेच तेच सांगायची आणि मी शेवटपर्यंत ऐकायचो. तिच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करता आली असती. आमच्या चुलतभावाचा मुलगा पुष्कर नगरलाच राहतो, त्याला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर आक्का माझ्या उत्तराची वाट बघत खिडकीशी बसलेली होती.

सप्टेंबरच्या शेवटी, सेंट मायकलच्या सणाच्या रविवारी कॉफीच्या वेळी हेल्गा माझ्याजवळ आली. हेल्गा ब्रांडमायर, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. आमच्या मंडळीत घंटा वाजवण्याचं काम तिच्याकडे. तिनं सरळ विचारलं, बहिणीचं ऑपरेशन कधी आहे? मी म्हणालो, लवकरच. कुठल्या दवाखान्यात? मी एक नाव सांगितलं. मग म्हणाली, मी तारीख लिहून ठेवते, त्या दिवशी मेणबत्ती लावीन. मी कपातल्या कॉफीकडे बघत तारीख बनवून सांगितली. चर्चच्या दालनात, सणाच्या दिवशी.

पुढचा रविवार सेंट फ्रान्सिसचा. त्या दिवशी लोक कुत्री-मांजरं घेऊन येतात आणि पाळक त्यांना आशीर्वाद देतात. आक्काचे चार रविवार संपले होते. मी नाव पुढे ठेवलं नाही. इतक्या भुंकण्यात एक नाव कमी झालेलं कुणाला कळणार, असं मला वाटलं.

त्याच दिवशी दाराजवळच्या टेबलावर टोपली ठेवली गेली. महिनाभर लोक त्यात चिठ्ठ्या टाकतात, आपापल्या मृतांची नावं लिहून. मी त्या गोळा करतो, इंग्रजी वर्णक्रमानं यादी टाइप करतो, आणि त्या रविवारी पुढे उभं राहून वाचतोही मीच. पाच खंडांतली नावं असतात. उच्चार चुकू नये म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारून घेतो. प्रत्येक नावानंतर हेल्गा घंटेवर लाकडी हातोडीचा एक ठोका देते. ठोका विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं नाव.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मी टोपली घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या लावायला बसलो. माझी नात ईप्सिता समोर गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. ती एक एक चिठ्ठी उलगडून मला देत होती. एका चिठ्ठीवर थांबली. म्हणाली, ओपा, ही तर आपली आहे.

शाळेच्या फळ्यावर असतं तसं गोल, सुबक अक्षर. ‘यमुना. श्रीनाथची बहीण. भारत.’

मी चिठ्ठी घेतली आणि इतरांच्या खाली सरकवली. ईप्सितानं माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये विचारलं की आत्याआजी गेली का. मी म्हणालो, गृहपाठ कर.

हेल्गाचं अक्षर मी ओळखलं होतं. पण तिला कुणी सांगितलं? गेले काही दिवस घरात काहीतरी चाललं होतं. माझा मुलगा रोहन इंगोलश्टाटच्या मोटारकारखान्यात इंजिनिअर आहे, रोज म्युनिकहून ट्रेननं जातो. आठ दिवस तो आल्यावर स्वरूपा, माझी सून, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. मी पाण्यासाठी गेलो की बोलणं थांबायचं. एकदा दाराबाहेर मी ऐकलं, स्वरूपा म्हणत होती, “बाबांना सांगायचं कसं? सणाचे दिवस तरी जाऊ देत.” आणि रोहन म्हणाला, “हो, पण किती दिवस लपवणार?”

चिठ्ठी हातात आल्यावर मला सगळं जुळलं. आक्का गेली होती. पुष्करनं रोहनला कळवलं होतं. रोहन मला सोडायला चर्चच्या दारापर्यंत येतो, तिथे हेल्गाशी बोलला असेल. सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय. विचारायला मी तीन वेळा स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो. तिसऱ्या वेळी स्वरूपा म्हणाली, “बाबा, शुगर तपासून घ्या हो, फार तहान लागतेय तुम्हाला.” तिच्या आवाजात इतकी काळजी होती की माझी खात्रीच पटली.

यादी टाइप केली. ‘वॉल्टर’ नंतर ‘यमुना’. माझ्या बोटांनी ती अक्षरं दाबली. मी थांबू शकलो असतो. पण चिठ्ठी खरी असेल आणि मी नाव गाळलं तर? आणि खोटी असेल तर? मी दोन प्रती काढल्या, एक माझी, एक हेल्गाची.

शनिवारी सर्व संतांचा दिवस, बव्हेरियात सुट्टी. दुकानं बंद, रस्ते रिकामे. दुपारी मी दफनभूमीपर्यंत चालत गेलो. तिथे माझं कुणी नाही, सुधा नगरला आहे. घराघरांतली माणसं गडद कोट घालून कबरींवर लाल दिवे लावत होती. धुकं इतकं होतं की माणसं दिसेनाशी व्हायची आणि दिवे तेवढे राहायचे. नगरलाही या दिवसांत कबरी धुऊन मेणबत्त्या लावतात. सुधाच्या कबरीवर दर वर्षी आक्का लावायची. या वर्षी कोणी लावली असेल, या विचारानं मला तिथून लवकर निघावं लागलं.

रविवारी मी वाचायला उभा राहिलो. चर्चमधले दिवे मंद केलेले, वेदीजवळ ईस्टरची मोठी मेणबत्ती पेटवलेली, तिच्या बाजूला हेल्गा, पुढ्यात घंटा आणि गुडघ्यावर यादी. ती प्रत्येक नावावर बोट ठेवते, मी नाव उच्चारलं की ठोका देते. ‘अब्राहम’. ठोका. ‘अ‍ॅग्नेस’. ठोका. माझा आवाज चांगला लागत होता. कुणी बाकावर हुंदका देत होतं. तिसऱ्या रांगेत रोहन, स्वरूपा, ईप्सिता. ईप्सिता माझ्याकडे एकटक बघत होती.

‘वॉल्टर’. ठोका.

पुढचं नाव मला दिसत होतं. मी तोंड उघडलं. आक्कानं ‘तू सांग’ लिहिलं होतं, आणि मी जे सांगणार होतो ते हे होतं. मी तिला उत्तर म्हणून मेलेल्यांत वाचणार होतो. माझा आवाज आला नाही.

खोकण्याचे आवाज झाले. रेव्हरंड ज्युडिथ यांनी मान वर केली. मी ठरवलं की नाव सोडून पुढचं घ्यायचं, आणि श्वास घेतला. तेवढ्यात हेल्गाचं बोट तिच्या यादीवर एक ओळ खाली आलं आणि तिनं ठोका दिला.

नाव न घेता घंटा वाजली. नेहमीइतकीच वाजली असेल, पण मला ती विरायला फार वेळ लागला. मग मी उरलेली दोन नावं वाचली.

कॉफीच्या वेळी मी कोटाच्या खुंट्यांजवळ उभा होतो. हेल्गा केकचा तुकडा घेऊन आली. तिनं आधी माझा दंड धरला. म्हणाली, तुम्हाला नाव घेणं जमणार नाही हे मला दिसलं, म्हणून मी तुमच्यासाठी वाजवली. मग हळूच विचारलं, कधी गेली?

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

तिला प्रश्न कळला नाही. कुणी कशाला सांगायला हवं, म्हणाली. नाव आजाऱ्यांतून गेलं आणि आभारात आलं नाही, म्हणजे झालंच ना. असे लोक दर वर्षी असतात. घरचे दुःखात चिठ्ठी टाकायला विसरतात, म्हणून ती वर्षभर दोन्ही याद्या ताडून बघते आणि राहिलेली नावं स्वतः लिहिते. “गेनाऊ, अगदी तेवढ्यासाठीच मी तुमच्या याद्या जपून ठेवते,” ती म्हणाली. “कुणी विसरलं जाऊ नये.”

मी म्हणालो, “ती गेली की नाही, मला माहीत नाही.”

हेल्गानं केकची बशी खिडकीत ठेवली. “सख्ख्या बहिणीचं माहीत नाही? असं कसं होतं?”

मग मी तिला पत्राबद्दल सांगितलं. काय विचारलं होतं तेही सांगितलं, आणि ती बनवलेली तारीखही. ती शिक्षिका आहे, मधे बोलली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, “तुमच्या त्या तारखेला मी मेणबत्ती लावली होती. आणि आता घंटाही वाजवली. मेणबत्ती असू दे. घंटा मात्र परत घेता येत नाही, मिस्टर श्रीनाथ.” ती रागावली नव्हती. घाबरली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

मेट्रोनं घरी आलो. दारात बूट काढतानाच मी रोहनला विचारलं, “आक्काचं काय लपवताय?”

“आक्काआत्याचं?” तो स्वरूपाकडे बघू लागला. मग बाकावर बसला. लपवत होते ते वेगळंच होतं. त्याला दूरच्या नेकारसुल्मच्या कारखान्यात घेत होते, जानेवारीपासून. तिथे जायचं म्हणजे माझं चर्च सुटणार, आणि मला दुसरं काही नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून दार लावून बोलत होते. “आणि आत्याचं तर तुम्हीच सांगता दर वेळी, ठीक आहे म्हणून,” तो म्हणाला. “बाबा? ठीक आहे ना?”

मी कोटातून पत्र काढून त्याला दिलं. त्यानं उठून उभ्यानं वाचलं. तारीख पुन्हा बघितली. मला वाटलं ओरडेल. त्यानं फक्त फोन काढला आणि पुष्करला मेसेज लिहायला लागला.

“थांब,” मी म्हणालो.

“गेला मेसेज.”

“मग उत्तर आलं तरी मला सांगू नकोस. मी लिहून टाकून येईपर्यंत नाही.”

“अहो बाबा, पत्राला दोन आठवडे लागतील. तिकडे काय झालंय ते आधी—”

“आधी कळलं तर मी त्या बातमीला उत्तर देईन. तिनं मला विचारलंय.”

मला वाटतं, आयुष्यात मी त्याच्याशी इतकं ठामपणे कधी बोललो नव्हतो. ईप्सितानं तिच्या वहीतला कागद फाडून माझ्यापुढे ठेवला.

मी आठवा खर्डा केला नाही. सरळ लिहिलं.

‘प्रिय आक्का, सलाम. ऑपरेशन कर. हे मी सांगतो आहे, डॉक्टर नाही आणि पुस्तकही नाही. मी येतो, कागदावर सही मी करीन. काही वाईट झालं तर ते माझ्यामुळे. सुधाच्या वेळी मी तोंड धुवायला गेलो नव्हतो, पळून गेलो होतो. तू सही केलीस म्हणून ती गेली नाही. हे मला सतरा वर्षं माहीत होतं. तुझा, श्रीनाथ.’

पाकिटावर नगरचा पत्ता लिहिला, पिनकोड पुन्हा गिरवला. तिकिटं स्वरूपाच्या खणात होती, तिनं न विचारता लावून दिली. रोहन खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता, फोन पालथा ठेवून.

पिवळी टपालपेटी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. पाच मिनिटं लागतात. रविवार असल्यामुळे रस्त्यावर कुणी नव्हतं, पाच वाजायच्या आतच अंधारून आलं होतं. कुठल्यातरी चर्चची घंटा सुरू झाली आणि मी ती थांबेपर्यंत चाललोच नाही. मग वाटलं, माझ्या थांबण्यामुळेच सगळं झालंय, आणि पुढे निघालो.

पेटीपाशी पोचलो तेव्हा मागे पावलं वाजली. वळून बघितलं तर रस्त्याच्या पलीकडे रोहन. कोट न घालता, घरातल्या सपाता तशाच पायांत. फोन हातात होता, पडदा उजळलेला. त्यानं मला हाक मारली नाही. रस्ताही ओलांडला नाही. मी सांगितलं होतं ते पाळत तो तिथेच उभा राहिला आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

पाकिटावरचं नाव मी एकदा मोठ्यानं वाचलं, यादीतली नावं वाचतो तसं, सावकाश. मग पेटीचं झाकण उचललं आणि पत्र आत टाकलं.